डोळे न तपासता डोळ्यांसाठी काम : पुरावे जुळवण्याच्या पेशाबद्दल

कृष्णाकाठची

परवा मोतीबिंदूच्या धाग्यावर मी प्रतिसाद दिला, तेव्हा तीन-चार जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, "तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टर का?" नाही. मी आजवर एकाही माणसाच्या डोळ्याला हात लावलेला नाही. पुण्यात संख्याशास्त्र शिकले, तिथून साथरोगशास्त्राकडे वळले आणि गेली सतरा वर्षं लंडनमध्ये एकच काम करते आहे. डोळ्यांच्या एखाद्या उपचाराबद्दल जगभरात जेवढे अभ्यास झाले तेवढे सगळे शोधायचे, त्यातले भरवशाचे कोणते ते ठरवायचे, त्यांचे आकडे एकत्र मांडायचे. मग सांगायचं की उपचाराने फरक पडतो का, किती पडतो, आणि हे आपण किती खात्रीने म्हणू शकतो. इंग्रजीतलं नाव एव्हिडन्स सिंथेसिस. मी घरी 'पुरावे जुळवणं' म्हणते.

'साथरोग' या शब्दाने गोंधळ होतो. मोतीबिंदूची काही साथ येत नाही. पण आजार कुणाला होतो, कुठे होतो, उपचार कुणापर्यंत पोचतो आणि कुणाच्या दारावरून परत जातो, हे मोजणारं शास्त्र तेच.

मी या कामात शिरले ती एका अंधत्व सर्वेक्षणातून. माझं काम कार्यालयात बसून आकडे तपासण्याचं होतं, पण मी हट्ट करून पथकाबरोबर गावात गेले. या पद्धतीला 'रॅब' म्हणतात. फक्त पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना तपासतात, कारण टाळता येण्याजोगं बहुतेक अंधत्व त्याच वयात असतं. एका वस्तीतली साधारण पन्नास माणसं, घरोघर जाऊन. जवळ एक मोजलेली दोरी, बॅटरी आणि एक कार्ड, ज्याच्या एका बाजूला मोठा 'ई' आणि दुसऱ्या बाजूला लहान. माणसाला अंगणात उजेडात उभं करायचं, सहा मीटरवरून कार्ड फिरवायचं आणि 'ई'ची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते बोटांनी दाखवायला सांगायचं.

एका घरी सत्तरीच्या एक आजी होत्या. यादीत त्यांच्या नावापुढे 'शस्त्रक्रिया झालेली' अशी खूण. कार्ड सहा मीटरवरून दिसेना, तीनवरून दिसेना. बऱ्याच वर्षांपूर्वी शिबिरात मोतीबिंदू काढला होता, त्या काळच्या पद्धतीने, आत भिंग न बसवता. वरून जाड काचांचा चष्मा दिला होता. तो दोन वर्षांमागे फुटला. "ऑपरेशन झालंय की गं माझं," त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, जणू दिसत नाही हा त्यांचाच काहीतरी गुन्हा. मी फॉर्मवर दोन्ही गोष्टी लिहिल्या. शस्त्रक्रिया : झाली. नजर : नाही. त्या दोन रकान्यांमधल्या अंतराने मला आजपर्यंत सोडलेलं नाही.

पुढे वाचायला लागल्यावर कळलं की त्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर मदुराईत आधीच शोधलं गेलं होतं. दोन्ही डोळ्यांनी अंध झालेल्या ३,४०० रुग्णांची तिथली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले : एकाला जुनी पद्धत आणि जाड चष्मा, दुसऱ्याला डोळ्यातच बसवलेलं भिंग. भिंगवाल्यांची नजरही चांगली राहिली आणि रोजची कामंही. तोवर एवढ्या मोठ्या प्रमाणावर, गरिबांच्या शस्त्रक्रियेत, भिंग परवडेल का आणि सुरक्षित राहील का, यावर खूप वाद होता. १९९२ पासून मदुराईतच ऑरोलॅबने स्वस्त भिंगं बनवायला सुरुवात केली होती, त्यामुळे 'परवडणार नाही' हे उत्तरही उरलं नाही.

पण एक चाचणी म्हणजे एक साक्षीदार. बाकीचे साक्षीदार काय म्हणतात? हा प्रश्न आर्ची कॉक्रन या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात वैद्यकाला विचारला, आणि त्यांच्या नावाने १९९३ मध्ये कॉक्रन ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. उपचारांचे असे जुळवलेले पुरावे, म्हणजे 'आढावे', ती प्रसिद्ध करते. तिचा डोळ्यांचा गट १९९७ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला. नेत्रशल्यविशारद रिचर्ड वर्मल्ड आणि साथरोगतज्ज्ञ जेनिफर एव्हान्स ही त्यातली आधीपासूनची नावं. अमेरिकेतली शाखा के डिकर्सिन यांनी उभी केली. एव्हान्सबाईंचं काम मी विद्यार्थिनी असल्यापासून वाचते आहे. त्या नेत्रतज्ज्ञ नाहीत, आणि तरीही मोतीबिंदूपासून म्हातारपणी नेत्रपटल झिजण्यापर्यंत किती विषयांतला पसारा त्यांनी आवरून ठेवला आहे! डॉक्टर नसलेल्या माणसाचं या क्षेत्रात काय काम, असं मला लोक विचारायचे तेव्हा मी त्यांचं नाव सांगायचे.

आता काम चालतं कसं ते सांगते. सुरुवातीलाच, एकही निबंध उघडण्याआधी, आपण काय शोधणार, कुठले अभ्यास घेणार, कुठला परिणाम मोजणार हे लिहून जाहीर करायचं. नंतर आकडे बघून प्रश्न बदलायची सोय ठेवायची नाही. मग शोध. एकेका विषयावर हजारो शीर्षकं निघतात. दोन माणसं ती स्वतंत्रपणे चाळतात, एकमेकांना न दाखवता, आणि मग जिथे जमत नाही तिथे भांडतात. हे भांडण माझ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग आहे. किती वेळा माझी चूक अशी सापडली आहे! त्यानंतर प्रत्येक चाचणी उलटीपालटी करून बघायची : गट खरंच चिठ्ठ्या टाकून पडले का, नजर मोजणाऱ्याला कुठली शस्त्रक्रिया झाली ते माहीत होतं का, किती रुग्ण परत आलेच नाहीत, आधी जाहीर केलेला परिणाम निबंधातून गुपचूप गळला का.

मग येतो फॉरेस्ट प्लॉट. प्रत्येक चाचणीची एक आडवी रेघ. रेघ लांब असेल तर अनिश्चितता जास्त, आखूड असेल तर कमी. आणि सगळ्यांच्या तळाशी एक शंकरपाळी. ती शंकरपाळी म्हणजे सगळ्यांचं मिळून उत्तर. कधी दोन वर्षांच्या कामानंतर ती बरोबर मधल्या उभ्या रेघेवर येऊन बसते, म्हणजे फरक आहे असं म्हणता येत नाही. सुरुवातीला मला अशा दिवशी रडू यायचं. आता येत नाही. 'माहीत नाही' हे नीट सिद्ध करून सांगणं किती जणांचा पैसा आणि त्रास वाचवतं ते मी पाहिलं आहे.

विचारा काय विचारायचं ते. वेळ मिळेल तशी उत्तरं देईन.

---

चिंचेचं_झाड

वाचनखूण साठवली. शंकरपाळी आता डोक्यातून जाणार नाही.

माझा प्रश्न घरचा आहे. बाबांना (७४) नेत्रपटल झिजायला लागलंय असं सांगितलं आहे. मेडिकलमधून डोळ्यांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आणतो, महिन्याला बरेच पैसे जातात. शेजारचे काका काहीही आजार नसताना त्याच गोळ्या घेतात, 'पुढे होऊ नये म्हणून'. यात तथ्य किती?

---

कृष्णाकाठची

@चिंचेचं_झाड, बाबांचं आणि काकांचं उत्तर वेगवेगळं आहे. गोळ्यांच्या जाहिराती नेमकं हेच सांगत नाहीत.

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटची 'एरेड्स' नावाची मोठी चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचा आजार मधल्या टप्प्यावर पोचला होता त्यांच्यात ठरावीक मात्रेतली जीवनसत्त्वं आणि जस्त यांच्या मिश्रणाने पाच वर्षांत आजार गंभीर होण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. आजार सुरुवातीलाच असलेल्यांमध्ये असा फायदा दिसला नाही. एव्हान्स आणि लॉरेन्सन यांनी या विषयाचे मुद्दाम दोन वेगळे आढावे केले : एक 'निरोगी माणसाला आजार होऊ नये म्हणून', दुसरा 'झालेला आजार हळू वाढावा म्हणून'. पहिल्याचं उत्तर, ई जीवनसत्त्व किंवा बीटा कॅरोटिन घेऊन आजार टळत नाही. दुसऱ्याचं उत्तर, हो, थोडा उपयोग होतो. एकाच गोळीबद्दल दोन प्रश्न होते, म्हणून उत्तरंही दोन.

आणि एक गोष्ट नक्की विचारा : गोळीत बीटा कॅरोटिन आहे का? बाबा विडी-सिगारेट ओढत असतील किंवा पूर्वी ओढत असतील तर ते नको. धूम्रपान करणाऱ्यांत त्याने फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचं १९९० च्या दशकातल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं. म्हणून २०१३ च्या दुसऱ्या 'एरेड्स'नंतर त्याच्या जागी ल्युटीन आणि झियाझँथिन ही दोन वेगळी द्रव्यं आली. बाबांचा आजार कुठल्या टप्प्यावर आहे ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून मग ठरवा. काकांचे पैसे वाचू शकतात.

---

डॉ_वारणाकाठ

धागा उत्तम, पण एका बाजूने लिहिलाय असं वाटलं, म्हणून माझी बाजू. सांगली जिल्ह्यात पंचवीस वर्षं शस्त्रक्रिया करतोय. शिबिराच्या दिवशी चाळीस-पन्नास मोतीबिंदू. आम्ही बिनटाक्याची शस्त्रक्रिया करतो, हाताने, छोट्या छेदातून. शहरातले रुग्ण विचारतात, "फेको (यंत्राने मोतीबिंदू फोडून काढायची पद्धत) का नाही? गरिबांना हलकं काम का?" हा प्रश्न मला लागतो. पुरावे जुळवणारे लोक लंडनमध्ये बसतात, त्यांना आमच्या टेबलावरचं काय कळणार, असं कधीकधी मनात येतं. राग मानू नका.

दुसरं, एका रुग्णालयात मी काही वर्षं जात होतो, तिथे प्रत्येक मोतीबिंदूच्या रुग्णाचा ईसीजी, रक्त, छातीचा फोटो सक्तीचा. खेड्यातली म्हातारी माणसं त्यासाठी दोन-तीन हेलपाटे घालत. काही तिसऱ्या हेलपाट्याला येतच नसत. मी बोलून बोलून थकलो.

---

कृष्णाकाठची

डॉक्टर, राग अजिबात नाही. उलट तुमच्या टेबलावरच्या कामाला जगात मान मिळाला तो पुण्याच्या एका चाचणीने, हे मला इथे सांगायचंच होतं.

हडपसरच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी जुनी टाक्यांची पद्धत आणि तुमची बिनटाक्याची पद्धत यांची थेट तुलना केली. निबंध २००३ मध्ये आला, रिचर्ड वर्मल्ड त्यात सहलेखक होते. ७४१ रुग्ण. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ (निकोप डोळ्याला अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगली नजर कितीजणांची? टाक्यांच्या गटात ३७.३ टक्के, बिनटाक्याच्या गटात ४७.९ टक्के. खेड्यातल्या माणसाला नंतर चष्मा मिळेलच याची खात्री नसते, म्हणून 'चष्म्याशिवाय' हा शब्द इथे फार मोठा. पण माझ्यासारखीला त्या निबंधातला सर्वांत सुंदर आकडा दुसराच वाटतो : ७४१ पैकी ७०६ जण सहा आठवड्यांनी तपासले गेले. ज्यांनी गावोगाव फिरून रुग्णांना परत आणलंय त्यांना यामागचे कष्ट कळतील.

मग त्याच गटाने फेको आणि बिनटाक्याची तुलना केली. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवायची नजर फेकोत काहीशी सरस, पण चष्मा लावून दोन्ही गट सारखेच, ९८ टक्क्यांच्या वर. खर्च मात्र रुग्णालयाला फेकोचा सुमारे ४२ डॉलर, बिनटाक्याचा सुमारे १५. हे २००७ चं गणित. पुढे २०१३ च्या कॉक्रन आढाव्यात भारत, नेपाळ आणि दक्षिण आफ्रिकेतल्या आठ चाचण्या एकत्र आल्या, १,७०८ रुग्ण, आणि चित्र साधारण तेच राहिलं. दीर्घ मुदतीची माहिती अपुरी, हेही त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

तेव्हा डॉक्टर, कुणी 'हलकं काम' म्हणालं तर हे आकडे सांगा. लंडनच्या शंकरपाळीत पुण्याच्या, नेपाळच्या रेघा आहेत. त्या नसत्या तर आमच्याकडे जुळवायला काही नव्हतं.

आता ईसीजी. या प्रश्नाचं उत्तर मी विद्यार्थ्यांना नेहमी पहिल्या तासाला सांगते, इतकं ते नितळ आहे. तीन चाचण्या, एकूण २१,५३१ मोतीबिंदू शस्त्रक्रिया. अर्ध्या रुग्णांना सरसकट तपासण्या, अर्ध्यांना नाही. शस्त्रक्रियेच्या दरम्यान किंवा नंतर काही वैद्यकीय त्रास झाला अशा एकूण घटना ७०७. तपासण्या केलेल्या गटात ३५३. न केलेल्या गटात ३५४.

अर्थात हे 'सरसकट' तपासण्यांबद्दल आहे. ज्याला छातीत दुखतंय किंवा साखर आटोक्यात नाही त्याला तपासायलाच हवं, ते तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. पण तिसऱ्या हेलपाट्याला न आलेली तुमची माणसं कुठल्याच चाचणीत मोजली गेली नाहीत. ती घरी अंध राहिली.

---

डॉ_वारणाकाठ

३५३ आणि ३५४. हे मला तेव्हा हवं होतं.

---

मोगरा_७८

अवांतर : ऑफिसात सगळ्यांनी निळा प्रकाश अडवणारे चष्मे घेतलेत. घ्यावेत का?

---

कृष्णाकाठची

@मोगरा_७८, २०२३ च्या कॉक्रन आढाव्यात १७ चाचण्या होत्या, बहुतेक लहान आणि थोड्या दिवसांच्या. साध्या काचांच्या तुलनेत संगणकामुळे येणारा डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही. त्याच पैशात नंबर एकदा नीट तपासून घ्या, आणि चाळिशी आली असेल तर ती लावायला लाजू नका. आसामच्या चहामळ्यात २०१८ ची एक चाचणी आहे. पाने खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या कामगारांना साधे जवळचे चष्मे दिले, तर न दिलेल्यांच्या तुलनेत रोजची खुडणी सुमारे २२ टक्के जास्त वाढली.

---

सुमन_न

मी निवृत्त आरोग्य पर्यवेक्षिका. बत्तीस वर्षं नाशिक आणि पालघर भागात. आम्ही नऊ महिन्यांच्या बाळाला 'अ' जीवनसत्त्वाचा एक लाख युनिटचा डोस आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटचा, असा चमच्याने दिला. मी नोकरीला लागले तेव्हा पाड्यांवर रातांधळी पोरं होती, संध्याकाळ झाली की भिंतीला धरून चालायची. डोळ्यात ते फेसासारखे पांढरे ठिपके. नंतरच्या वर्षांत दिसेनाशी झाली. आणि मग एका बैठकीत कुणी तरुण अधिकारी म्हणाले की नवीन संशोधनात या डोसाचा फायदा नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही ताई. आम्ही काय उगाच चमचे घेऊन डोंगर चढलो का? तुम्ही हेच काम करता, तर खरं काय ते सांगा. माझं मन राखायला नको.

---

कृष्णाकाठची

सुमनताई, मन राखायला नाही, जे आहे तेच लिहिते. जरा लांबेल.

अल्फ्रेड सॉमर हे नेत्रतज्ज्ञ आणि साथरोगतज्ज्ञ. इंडोनेशियात 'अ'च्या अभावाने येणारं अंधत्व अभ्यासत असताना त्यांच्या लक्षात आलं की ही मुलं नुसती अंध होत नाहीत, मरतातही जास्त. १९८६ मध्ये त्यांच्या गटाची आचे प्रांतातली चाचणी आली : डोस दिलेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. लोकांचा विश्वास बसेना. मग इतर देशांत चाचण्या झाल्या, आणि २०१० च्या सुमाराच्या कॉक्रन आढाव्यात सगळ्यांचं मिळून उत्तर आलं, सुमारे २४ टक्के घट.

आणि मग 'देवता'. उत्तर प्रदेशात अंगणवाड्यांमधून, ७२ विकासखंडांत, दहा लाख मुलांची चाचणी. आजवरची सर्वांत मोठी. क्षेत्रातलं काम १९९९ ते २००४, निबंध छापून आला २०१३ मध्ये. इतकी वर्षं हे आकडे जुळवणाऱ्यांच्या हाती नव्हते, याची मला आजही चीड येते. त्यातली घट अवघी ४ टक्के, आणि तीही योगायोगाने आलेली असू शकेल इतकी लहान. त्या तरुण अधिकाऱ्यांनी हेच वाचलं असणार.

आता एकीकडे 'देवता', दुसरीकडे बाकीच्या सगळ्या. हे कसं जुळवायचं? ग्रामसभेचं उदाहरण घ्या. माणशी एक मत धरलं तर मोठ्या वाड्याचं म्हणणं चालतं. घरटी एक मत म्हटलं तर लहान घरांचा आवाज वाढतो. संख्याशास्त्रात या दोन्हींच्या जवळ जाणाऱ्या पद्धती आहेत. २०१७ च्या आढाव्यात पहिल्या पद्धतीने, म्हणजे 'देवता'ला तिच्या आकाराइतकं पूर्ण वजन देऊन, १२ टक्के घट आली. दुसऱ्या पद्धतीने २४ टक्क्यांच्या आसपास. आढावा लिहिणाऱ्यांनी सावध आकडा पुढे ठेवला आणि दुसराही लपवला नाही. सॉमर आणि इतरांनी 'देवता'वर आक्षेप घेतले की डोस खरोखर एवढ्या मुलांपर्यंत पोचले का. चाचणी करणाऱ्यांनी उत्तरं दिली. तो वाद पूर्ण मिटलेला नाही.

पण ताई, दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवा. वाद आहे तो मृत्यू किती टळतात यावर. रातांधळेपणा आणि डोळ्यांची कोरड डोसाने कमी होते, याबद्दल त्याच आढाव्यात आकडे आहेत आणि ते तुम्ही पाड्यांवर पाहिलं त्याच बाजूचे आहेत. मृत्यूंची सर्वांत सावध १२ टक्के घट धरली तरी, जिथे अभाव खरा आहे तिथे ती फार मोठी आहे. आज जिथे मुलांचं खाणं सुधारलंय, गोवराची लस पोचलीय, तिथे सरसकट डोस हवेत का, हा प्रश्न योग्य आहे. तो प्रश्न विचारायची वेळ आली यात तुमच्या चमच्याचाही वाटा असू शकतो. किती वाटा, ते मी वेगळं काढून दाखवू शकत नाही. तुमचे डोंगर फुकट गेले असं कुठलाही आकडा म्हणत नाही.

---

सुमन_न

दोनदा वाचलं. मुलीकडून मोठ्याने वाचूनही घेतलं. आता बरं वाटतंय. गोवराची लस आणि डोस आम्ही एकाच दिवशी द्यायचो, हे तुम्हाला माहीत असेलच.

---

ओंकार_सोलापूर

नमस्कार ताई. मी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचे बँकेच्या परीक्षा दे म्हणतात. तुमच्यासारखं काम करायचं तर सुरुवात कुठून करू? आणि आता यंत्रच सगळं वाचून आढावा लिहून देतं म्हणे, मग वीस वर्षांनी हे काम राहील का? डॉक्टर नसल्याचा तोटा होतो का?

---

कृष्णाकाठची

ओंकार, घरच्यांची काळजी खोटी नाही, त्यामुळे उजळ बाजूच दाखवणार नाही. या कामाला पैसा ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांमधून येतो. ब्रिटनमध्ये कॉक्रनच्या गटांना सरकारी संशोधन निधी मिळायचा, तो मार्च २०२३ मध्ये थांबला. वर्षानुवर्षं एकमेकांच्या चुका पकडायला शिकलेली माणसं एका तारखेनंतर वेगवेगळ्या दिशांना गेली. त्या महिन्यात मी खूप उदास होते. तसे गट पुन्हा बांधायला किती वेळ लागतो हे निधी देणाऱ्यांना कसं सांगायचं, मला अजून उमगलेलं नाही.

सुरुवात आज रात्रीही करता येईल. 'कॉक्रन क्राउड' नावाची सोय २०१६ पासून आहे. त्यावर कुणीही नाव नोंदवून निबंधांचे सारांश वाचायचे आणि ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी आहे की नाही ते सांगायचं. आधी सराव देतात. दोनशे सारांश वाचून बघ. कंटाळा आला तर हे काम तुझं नव्हे, आणि ते लवकर कळलेलं चांगलं. रमलास तर पुढे साथरोगशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, आर या आकडेमोडीच्या संगणकभाषेत हात बसवणं, आणि कुणाच्या तरी आढाव्यात दुसरा चाळणारा म्हणून काम. मी तीन वर्षं फक्त दुसरी चाळणारी होते.

डॉक्टर नसल्याचा तोटा होतो. डोळ्याचं शरीरशास्त्र मला रात्री बसून शिकावं लागलं, आणि पहिल्या आढाव्यात दोन वेगवेगळ्या प्रकारची नजर, चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय, मी एकाच तक्त्यात मिसळली होती. एका नेत्रतज्ज्ञ बाईंनी पकडलं. त्यांनी रागावण्याऐवजी मला एक दिवस बाह्यरुग्ण विभागात शेजारी बसवून घेतलं. तेव्हापासून प्रत्येक आढाव्यात किमान एक शल्यविशारद आणि शक्य तिथे एक रुग्ण असल्याशिवाय मी हात घालत नाही.

यंत्राचं म्हणशील तर शीर्षकं चाळायला आम्ही संगणकाची मदत घेतो, वेळ खूप वाचतो. पण निबंधात जे लिहिलेलं नाही ते ओळखणं, म्हणजे इथे परत न आलेल्या रुग्णांचं काय झालं, हा परिणाम कुठे गेला, हे अजून माणसालाच जास्त जमतं. त्या खोडीसाठी संख्याशास्त्र शिकलेली मुलं हवीत.

आणि हे काम कागदावरच राहतं असंही नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०३० साठी दोन उद्दिष्टं ठरवली. त्यातलं एक 'परिणामकारक मोतीबिंदू शस्त्रक्रिया व्याप्ती' ३० टक्के बिंदूंनी वाढवण्याचं. म्हणजे शस्त्रक्रियेची गरज असलेल्या शंभरांपैकी कितीजणांची शस्त्रक्रिया झाली *आणि* नंतर त्यांना ६/१२ किंवा त्याहून चांगलं दिसतं. २०२२ मध्ये ५५ देशांमधल्या सर्वेक्षणांतून हा आकडा एकत्र मांडला गेला : आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊत ३.८ टक्के, हंगेरीत ७०.३ टक्के. माझ्या त्या आजी जुन्या हिशेबात 'झालेली' होत्या. या हिशेबात त्या 'नाही'त जातात. माझ्या फॉर्मवरचे दोन रकाने शेवटी एका आकड्यात आले, हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी कार्यालयातून लवकर निघाले आणि थेम्सच्या काठाने बराच वेळ चालत राहिले.

---

ओंकार_सोलापूर

काल रात्री नाव नोंदवलं. १२० सारांश झाले. ९ चुकले. झोप उडालीय.

---

डॉ_वारणाकाठ

धागा वर काढतोय. माझ्या शिबिराच्या वहीत शस्त्रक्रियेचा दिनांक, भिंगाचा नंबर, दुसऱ्या दिवशीची नजर, एवढंच असतं. सहा आठवड्यांचं पान नाही. इतक्या वर्षांत ते मी केलं नाही, हे लिहिताना बरं वाटत नाही. काय काय लिहायचं, साधं सांगा. माझ्याकडे एक परिचारिका आणि एक मुलगा आहे, संगणकवाला कुणी नाही.

---

कृष्णाकाठची

डॉक्टर, वहीच पुरे. प्रत्येक डोळ्यासाठी पाच रकाने : शस्त्रक्रियेपूर्वीची नजर, सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय, छिद्राच्या पट्टीतून (म्हणजे चष्म्याने नजर किती सुधारेल याचा अंदाज), काही गुंतागुंत झाली का, आणि ६/१८ पेक्षा कमी दिसत असेल तर तुमच्या मते कारण काय. स्त्री की पुरुष हे नावावरून ओळखायचं ठेवू नका, वेगळं लिहा. नजर शक्यतो शस्त्रक्रिया न केलेल्या माणसाने मोजावी, तो मुलगा शिकेल. आणि जे आले नाहीत त्यांची नावं पुसू नका, शक्य तर फोन करा.

---

डॉ_वारणाकाठ

या रविवारी तासगाव बाजूला शिबिर आहे. पंचेचाळीस नावं आली आहेत, त्यात सव्वीस बायका. पोराला आज 'ई'चं कार्ड दिलंय, दवाखान्याच्या अंगणात सहा मीटरवर चुन्याची रेघ मारून सराव करतोय. सहा आठवड्यांनी इथेच लिहितो.